भाकरी, गोळ्या आणि आतड्यातली चौकी

“डॉक्टर, पोट फुगतं, साफही होत नाही. काहीतरी चांगलं औषध लिहून द्या.” पंचेचाळिशी ओलांडलेले रिक्षाचालक ओपीडीत सांगत होते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री भात. खिशात अँटिबायोटिकची अर्धी पट्टी. जुलाब झाले म्हणून दुकानातून घेतलेली, दोन दिवसांनी सोडलेली. वर्षातली ही तिसरी खेप!

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. ज्वारी-बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. तंतू मिळाले नाहीत तर काही जीवाणू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात. उंदरांवरील प्रयोगांत हे दिसलं आहे.

पाकिटबंद पदार्थांचाही यात वाटा असू शकतो. आइस्क्रीम, सॉस एकजीव राहावेत म्हणून त्यांत कधीकधी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज घालतात. पाकिटावर त्याचा क्रमांक ४६६ असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना ते अकरा दिवस रोज १५ ग्रॅम दिलं, तेव्हा आतड्यातल्या जीवाणूंची विविधता घटली. मात्रा मोठी होती आणि प्रयोगात माणसं अवघी १६, तेव्हा एका आइस्क्रीमने घाबरू नये.

हे जीवाणू विषांसमोरची चौकीही सांभाळतात. पश्चिम बंगालमध्ये भूजलातून लाखो लोकांच्या पोटात आर्सेनिक जात आलं आहे. अमेरिकेतील मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अँटिबायोटिक देऊन जीवाणू कमी केलेल्या उंदरांच्या विष्ठेतून आर्सेनिक कमी बाहेर पडतं आणि अवयवांत जास्त साठतं. प्रयोग उंदरांवरचा आहे, आणि आर्सेनिकवर खरा इलाज शुद्ध पाणी हाच. तरी विनाकारण अँटिबायोटिक घेताना आपण कोणाला मारतो, हे यातून कळतं.

रिक्षावाल्यांनी जीवाणूंची महागडी कॅप्सूल मागितली. मी लिहिली नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, ताक सांगितलं, तेही हळूहळू वाढवत. एकदम सुरू केलं तर गॅस वाढतो आणि शिव्या डॉक्टरला बसतात. हिमोग्लोबिन मात्र तपासलं. या वयात शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडलं किंवा वजन उतरलं तर भाकरीवर भागत नाही, दुर्बिणीने तपासावं लागतं. त्यांचं हिमोग्लोबिन ठीक निघालं. महिन्याने आले ते हसत, “भाकरी डब्यात नेतो, डॉक्टर. पण बिस्किट काही सुटत नाही.”