दिले कोणी, दिले कोणाला?

आज बोलायचं आहे बैठकीच्या वहीतल्या एका वेलांटीबद्दल.

एका गटाच्या वहीत एका सदस्याच्या नावापुढे लिहिलं होतं, "ताईंना १,००० रुपये दिले." ताई म्हणाली, "मी तं हप्ता भरला!" वही म्हणत होती, तिनं कर्ज उचललं. लिहिणारीनं 'नी'च्या जागी 'ना' केला होता. कर्जातून हजार वजा व्हायचे, ते उलटे वाढले. म्हणजे फरक दोन हजारांचा. निंदणाच्या मजुरीतून ते काढायला किती दिवस लागतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आता 'दिले' या शब्दावरून देणारी कोण ते कळतं का? नाही. भूतकाळात आपलं क्रियापद मुख्यतः दोन तऱ्हेनं चालतं. 'बसणे' घ्या. मी बसले, ती बसली, आम्ही बसलो, त्या बसल्या. इथं क्रियापद बसणारीच्या मागं जातं. (आपण वऱ्हाडात 'मी बसली' म्हणतो, ते काही चुकीचं नाही, आपली बोली आहे.) पण 'मोजणे' घ्या. तिने पैसा मोजला, नोट मोजली, नोटा मोजल्या, पैसे मोजले. मोजणारी तीच, पण क्रियापद वस्तूच्या मागं गेलं. तिच्या जागी तिचा नवरा मोजायला बसला, तरी 'नोट मोजली'च. फक्त 'तू' असेल तर 'तू मोजलीस' असा शेवटी 'स' येतो, आणि 'तुम्ही' असेल तर 'तुम्ही मोजलीत' असा 'त'. कर्त्याचा तेवढाच माग राहतो.

सगळ्या भाषांचं असं नाही. स्पेन आणि मेक्सिकोत बोलतात त्या स्पॅनिशमध्ये 'कोंप्रार' म्हणजे विकत घेणे. कोंप्रे म्हणजे मी घेतले, कोंप्रास्ते म्हणजे तू, कोंप्रो म्हणजे त्याने किंवा तिने, कोंप्रामोस म्हणजे आम्ही, कोंप्रारोन म्हणजे त्यांनी. शेळी घ्या की शिलाई मशीन, शब्द बदलत नाही; घेणारा मात्र शेपटीवरूनच कळतो. आपल्याकडे ते सगळं ओझं 'नी' आणि 'ना'वर.

गंमत म्हणजे घरच्या बोलीत आपण इथं चुकत नाही. 'ताईनं देल्ले' आणि 'ताईले देल्ले' यांत कोणाचाही घोळ होत नाही. घोळ होतो तो पुस्तकी भाषेत लिहिताना.

म्हणून सही करण्याआधी ओळ वऱ्हाडीत मोठ्यानं वाचून घ्या. लिहिताना पुढे कारण जोडा : "ताईंनी हप्ता म्हणून दिले", "ताईंना कर्ज म्हणून दिले". 'देण्यात आले' लिहायची सवय असेल, तर तिथं देणारीचं नाव उडूनच जातं, ते आधी लिहा. आणि 'द्यायचे ठरले' हे 'दिले' नव्हे. पैसे हातात पडले, मोजून झाले, मगच 'दिले' लिहायचं.

त्या ताईचा हप्ता तिच्या पासबुकात नोंदलेला होता, म्हणून वही दुरुस्त झाली. तुमची पासबुकं या महिन्यात भरली का?