दर्पण आणि दशावतार

जत्रेच्या रात्रीं दशावतार पाहावयास जमलेल्या मंडळींत, संकासुराचा अखेरीस वध होणार हें ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य सहसा सांपडावयाचा नाहीं. तरीहि लोक चटया घेऊन येतात आणि उजाडेपर्यंत बसतात. उलटपक्षीं, कालचें वर्तमानपत्र आज कोणी विकत घेत नाहीं. दोन्ही लोकांशीं बोलण्याचींच साधनें. मग एकास नवें नसलें तर चालत नाहीं आणि दुसऱ्यांत जुनेंच हवें असतें, असें कां व्हावें?

ज्यास आज संज्ञापनशास्त्र म्हणतात त्यांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. जेम्स केरी नांवाच्या अमेरिकन अभ्यासकानें १९७५ सालीं संज्ञापनाकडे पाहण्याच्या दोन दृष्टि मांडल्या. पहिली दृष्टि अशी कीं, गलबतांतून एका बंदराचा माल दुसऱ्या बंदरीं उतरावा त्याप्रमाणें एकाचा मजकूर दुसऱ्याकडे पोंचविणें म्हणजे संज्ञापन. दुसरी दृष्टि त्यास विधि मानते. माणसें एकत्र येतात, ठाऊक असलेलेंच पुन्हां ऐकतात, आणि त्यायोगें आपला समाज एक आहे ही जाणीव टिकवून धरतात. या दुसऱ्या दृष्टीकडे विद्वानांचें दुर्लक्ष झालें, असें केरी यांचें म्हणणें होतें.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत या दोन्ही दृष्टींचीं उदाहरणें हाताशीं आहेत. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ले हें बाळशास्त्री जांभेकरांचें गांव. त्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ सुरू केलें. तें मराठींतलें पहिलें वृत्तपत्र होय, आणि त्याच्या स्मरणार्थ हा दिवस महाराष्ट्रांत पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. एका स्तंभांत मराठी, शेजारच्या स्तंभांत इंग्रजी, अशी त्याची मांडणी होती. पाश्चात्त्य विद्या देशबांधवांपर्यंत न्यावी आणि देशबांधवांचें मनोगत राज्यकर्त्यांच्या कानीं घालावें, असा हा दुहेरी व्यापार होता. १८४० सालीं ‘दर्पण’ बंद पडलें. पोंचविण्याच्या दृष्टीचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण. तथापि केरी येथेंहि थांबत नाहींत. रोज वर्तमानपत्र वाचणें हें चर्चमधील उपासनेस बसण्यासारखेंच आहे, त्यांत बातमीपेक्षां जगाचें एक परिचित चित्र पुन्हां दृढ होतें, असें ते म्हणतात. पत्र यावयास उशीर झाला म्हणजे चहा बेचव लागणारीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें पटावें.

आतां दशावतार पाहूं. देवाची पालखी देवळाभोंवतीं फिरून आली कीं पुढील प्रांगणांत खेळ उभा राहतो. एक पडदा, सिंहासनाचें काम करणारें एक लांकडी बांकडें, पेटी, मृदंग, झांज, एवढाच संसार. स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेत आले. प्रथम आडदशावतार. त्यांत गणपति, सरस्वती, ब्रह्मदेव येतात, काळ्या वेषांतला संकासुर वेद पळवितो, आणि विष्णु त्यास मारतो. त्यानंतर पुराणांतलें आख्यान लागतें. त्याची संहिता लिहिलेली नसते. मंडळाचा प्रमुख कथेचा सांगाडा सांगतो, आणि नट जागच्याजागीं संवाद रचीत जातात. म्हणून समोरच्या प्रेक्षकांप्रमाणें खेळ लांबतो, आंखडतो, रंगतो. संकासुर तर गांवच्या रस्त्याविषयीं किंवा पंचांविषयीं मालवणींत हवें तें बोलून घेतो. सारांश, विधीच्या पोटांत थोडें वर्तमानपत्रहि दडलेलें असतें!

येथें एक गोष्ट नीट पाहावी. राजा आणि देव ग्रंथांतली भारदस्त मराठी बोलतात. मालवणी बोलतो तो संकासुर, अर्थात् हंसविणारा. भाषांची ही उतरंड खेळांत कोणी मुद्दाम बसविली नसेल, पण ती प्रेक्षकाच्या मनांत नकळत रुजते. १९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलें आणि मच्छिंद्र कांबळी यांनीं तें गाजविलें. गांवकरी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक करूं पाहतात व एकच गोंधळ उडतो, असा त्याचा विषय. त्याचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. चारचौघांत मालवणी बोलावयास संकोचणारा मुंबईचा चाकरमानी तिकीट काढून ती ऐकूं लागला, हें त्या नाटकाचें मोठें उपकार होत. परंतु स्टुअर्ट हॉल या अभ्यासकानें १९७३ सालीं दाखविल्याप्रमाणें, सांगणाऱ्यानें घातलेला अर्थच ऐकणारा काढील असें नाहीं. चाकरमानी त्यांत आपल्या गांवास भेटून हंसला. इतर पुष्कळ जण केवळ बोलीस हंसले, आणि मालवणी म्हणजे विनोदाची भाषा हा समज अधिकच पक्का झाला. माझ्या मतें या दोन हंसण्यांतील भेद टीकाकारांनीं फारसा ओळखला नाहीं. २०१६ सालीं दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेनें त्या बोलीच्या वाट्यास भयहि आणलें, एवढा तरी पालट झाला.

अलीकडे दशावतार भ्रमणध्वनीवर चित्रित होऊन दूरदूर पाहिला जातो. ट्रिकसीनचा सोस वाढला आहे तो निराळाच. परदेशीं असलेल्या मुलास आपल्या गांवचा खेळ दिसतो, हा लाभ खरा आहे, आणि तो कमी लेखण्याचें कारण नाहीं. मात्र काल एका गांवीं सुचलेला संवाद आज दुसऱ्या गांवच्या प्रेक्षकांस आधींच पाठ असूं शकतो. कथा ठाऊक असणें ही या खेळाची रीतच होती; संवाद ठाऊक असणें ही नवी गोष्ट आहे. शिवाय पडद्यावर पाहणारा हंसला काय किंवा उठून गेला काय, बांकड्यावर बसलेल्या राजास तें कळत नाहीं, आणि त्यास पुढचें वाक्य त्याच्यावांचूनच रचावें लागतें.