पेप्टाइडांचा संयोग : रोपण की साहस?

डहाणूच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराचा चिघळलेला व्रण असो वा तलासरीतील शेतमजुराच्या भेगाळलेल्या टाचा, व्रणरोपण हा आपल्या नित्य चिकित्सेचा विषय आहे. याच हेतूने, तसेच तारुण्यरक्षणार्थ, 'बीपीसी-१५७', 'टीबी-५००' व ताम्रयुक्त 'जीएचके' ही पेप्टाइडे एकत्र टोचून घेण्याचा प्रघात काही देशांत पडला आहे. रुग्ण त्याविषयी विचारू लागल्यास उत्तर सिद्ध असावे.

पेप्टाइड म्हणजे अमायनो आम्लांची आखूड साखळी. जीएचकेमध्ये ३, तर बीपीसी-१५७ मध्ये १५ अमायनो आम्ले असतात. ताम्रयुक्त जीएचके बाह्य प्रसाधनांत वापरतात. बीपीसी-१५७ चे बहुतांश पुरावे मात्र प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. त्यांत दिसलेली नव्या रक्तवाहिन्या निर्मिण्याची शक्ती रोपणास उपकारक खरी, परंतु सुप्त अर्बुदासही पोषक ठरू शकेल, ही शंका फिटलेली नाही. शिवाय तिन्ही एकत्र दिल्यास गुण कोणाचा व उपद्रव कोणाचा, हे कळत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून बीपीसी-१५७ खेळाडूंना निषिद्ध केले आहे.

चरकाचार्यांनी अविज्ञात औषधास विषाची उपमा दिली आहे. ही द्रव्ये आयुर्वेदीय औषधे नव्हेत. 'संशोधनार्थ' अशी चिठ्ठी असलेली कुपी औषधालयात ठेवू नये. व्रण भरत नसल्यास प्रथम रक्तशर्करा तपासावी, शोधन करावे, मगच जात्यादी तैलादी रोपण योजावे.