अँटीव्हायरसने काढून घेतलेली फाईल परत कशी मिळवायची?

ताईंनो, बँकेने कर्जप्रस्तावाचा नमुना ईमेलवर पाठवला. ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर तुम्ही तो डाऊनलोड केला आणि लगेच कोपऱ्यात सूचना आली, ‘धोका सापडला’. फाईल गायब! प्रस्ताव परवा द्यायचा आहे. धडगावच्या पाड्यावरून पुन्हा बँकेत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळी काही जणी घाबरून कॉम्प्युटरच बंद करतात, काही जणी अँटीव्हायरस बंद करतात. दुसरं जास्त वाईट.

फाईल बहुतेक वेळा पुसली गेलेली नसते. करोनात गुजरातहून परतलेल्या आपल्या माणसांना गावच्या शाळेत वेगळं ठेवत होते, आठवतं ना? सगळे आजारी नव्हते, पण खात्री होईपर्यंत घरी सोडत नव्हते. अँटीव्हायरसही संशयित फाईल अशीच वेगळी कोंडून ठेवतो. त्यालाही क्वारंटाईनच म्हणतात.

आणि तुमचा ईमेल जीमेलवर असेल तर गेली ती फक्त कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत. मूळ ईमेल बहुधा जागेवरच असतो. मोबाईलवर जीमेल उघडून बघा. ईमेलच सापडत नसेल तर ‘स्पॅम’ आणि ‘ट्रॅश’ बघा, पण तिथून ३० दिवसांनी तो आपोआप जातो.

आता घाई करू नका. आधी पाठवणाऱ्याला फोन लावा. नंबर त्या ईमेलमधला नको, आपल्या वहीतला घ्या. “साहेब, ही फाईल तुम्हीच पाठवली का?” एवढं विचारायला लाजायचं कशाला? मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या एका फाईलने जगभरातले लाखो कॉम्प्युटर बिघडवले होते. ती ओळखीच्याच माणसांच्या ईमेलवरून येत होती, म्हणून लोक बिनधास्त उघडत गेले. आज तेच व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने चालतं. नावाच्या शेवटी ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ असेल तर ती पत्रिकाही नाही आणि यादीही नाही. तिला हात लावू नका.

फोनवर ‘हो’ म्हणाले तरी मी म्हणेन, फाईल पीडीएफ करून पुन्हा मागवा. एक्सेलच हवी असेल तर मॅक्रो काढून साधी पाठवायला सांगा. मॅक्रो म्हणजे फाईलमध्ये लपलेल्या आज्ञा. हिशोबाच्या चांगल्या फाईलवरही संशय येतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळेच. सगळ्यात सोपा रस्ता हाच.

तेही जमत नसेल आणि पाठवणाऱ्याची पक्की खात्री असेल, तरच कोंडलेली फाईल सोडवा. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, मग ‘प्रोटेक्शन हिस्टरी’. फाईलचं नाव दिसलं की ‘अॅक्शन्स’मध्ये ‘रिस्टोअर’ दाबा. ‘रिमूव्ह’ दाबलं तर ती गेलीच समजा. क्विक हीलसारखा दुसरा अँटीव्हायरस असेल तर त्यात ‘क्वारंटाईन’ शोधा. हे काम दोघींनी मिळून करा, कारण सगळं इंग्रजीत असतं आणि बटणं शेजारी शेजारी असतात.

फाईल तपासून देणाऱ्या वेबसाईटही आहेत. पण तिथे टाकलेली फाईल बाहेरच्या कंपन्यांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून सदस्यांचे आधार आणि खाते क्रमांक असलेली यादी तिथे कधीच टाकायची नाही.