वारंवारचा उदरशूल आणि रक्तात दडलेले कारण

भंडारा जिल्ह्यात चिकित्साव्यवसाय करणाऱ्या कोणत्याही वैद्याने आपल्या जुन्या रुग्णपत्रिका चाळल्या, तर 'पोट दुखते' ही तक्रार त्यांत सर्वांत अधिक वेळा लिहिलेली आढळेल. अजीर्ण, कृमी, आम्लपित्त, ग्रहणी, मलावष्टंभ अशी तिची अनेक कारणे आपणांस परिचित आहेत आणि बहुसंख्य रुग्ण दीपन-पाचनाने व पथ्याने बरेही होतात. परंतु काही रुग्ण असे असतात की, औषध घेऊन चार दिवस बरे वाटते, महिन्या-दोन महिन्यांनी तेच दुखणे परत येते आणि सोनोग्राफीत काहीही सापडत नाही. घरची मंडळी वायगोळा म्हणतात, शेजारी नजर लागली म्हणतात आणि आपण 'जीर्ण अग्निमांद्य' असे लिहून मोकळे होतो. अशा रुग्णांविषयी आमचा एक अनुभव वैद्यबंधू-भगिनींसमोर ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. त्यात आमची चूक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

एका रुग्णाची हकीकत

लाखांदूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील अकरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे सुमारे दोन वर्षे येत होता. नाभीभोवती तीव्र वेदना, भूक मंद, चेहरा फिकट, अंगाने कृश. आम्ही प्रथम कृमी मानून विडंगाचे कल्प दिले. नंतर हिंग्वाष्टक चूर्ण, शंखवटी, लशुनादि वटी झाली. पांडुता पाहून मंडूराचा कल्प जोडला. प्रत्येक वेळी थोडा उतार पडे आणि आम्ही निदान बरोबर असल्याचे समाधान मानत असू.

श्रावणात एका सायंकाळी आई त्याला घेऊन आली. रोवणी सुरू होती, मुलगा दिवसभर बांधीतल्या चिखलात पऱ्हे वाहत होता, अंगात ज्वर होता. आम्ही साम अवस्था समजून लंघन सांगितले आणि कोठा साफ व्हावा म्हणून एरंडतेल दिले. रात्रीतून दुखणे शतपटीने वाढले. सकाळी मुलगा पोटाबरोबर मांड्या आणि पाठही धरून कण्हत होता, नेत्र पिवळे झाले होते. प्लीहा स्पष्ट हाताला लागत होती. त्या वेळी प्रथमच आम्ही आईला विचारले, हा तान्हा असताना काही झाले होते का? ती म्हणाली, "वर्षाचा होता तवा हातापायाचे पंजे सुजून आले होते जी, लय रडत होता."

मुलास तत्काळ सरकारी रुग्णालयात पाठविले. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली, पुढे इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये 'एसएस' म्हणजे सिकलसेल ग्रस्त असे निश्चित झाले. आई-वडील दोघेही वाहक निघाले. ज्या घरी दोन वर्षे पोटाचे औषध जात होते, त्या घरात व्याधी पोटाचा नव्हताच.

घरी येऊन जुन्या पत्रिका एकत्र मांडल्या, तेव्हा जे दिसावयास हवे होते ते दिसले. दुखण्याच्या तारखा रोवणीच्या दिवसांत, पौषातील थंडीत आणि ज्वरानंतर येत होत्या. आहाराशी, भोजनाच्या वेळेशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. परिणामशूलात अन्न पचण्याच्या काळाशी वेदनेचा संबंध असतो, हे आपण पहिल्या वर्षांत शिकतो. येथे तो संबंधच नाही, हे आम्ही दोन वर्षे पाहिले नाही.

व्याधीचे स्वरूप

सामान्य तांबडी रक्तपेशी गोल व लवचिक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी झाला की, ही पेशी ताठ होऊन धान कापण्याच्या विळ्यासारखा आकार घेते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तुटून असह्य वेदना होतात. पेशींचे आयुष्य अवघे १० ते २० दिवसांवर येते, म्हणून पांडुता आणि कामला दिसतात.

हा अवरोध हाडांत झाला तर अस्थिशूल, उदरातील वाहिन्यांत झाला तर उदरशूल. अतिश्रम, शैत्य, ज्वर आणि शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे प्रमुख उत्तेजक हेतू होत. पेशी सतत फुटत राहिल्याने पित्ताशयात रंजकद्रव्याचे खडे कोवळ्या वयातही होतात आणि तेही पुन्हा 'अजीर्ण' म्हणूनच आपल्यासमोर येतात.

आपल्याच भागात हा विकार का, असा प्रश्न रुग्ण विचारतात. सिकलसेल वाहकाला फॅल्सिपेरम मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा प्रकोप होता, तेथे हा जनुक टिकून राहिला. पूर्व विदर्भाचा जंगल-तलावांचा पट्टा त्यातलाच. शिकागोतील हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन केले, भारतात निलगिरीच्या आदिवासींत १९५२ मध्ये त्या सापडल्या आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे टिपण 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत हा विकार अनुसूचित जाती-जमातींत व इतर मागासवर्गीय समाजांत आढळतो. तथापि केवळ जातीवरून तो गृहीत धरू नये आणि नाकारूही नये.

शास्त्राची दृष्टी

हा व्याधी अमुक ग्रंथोक्त रोगच आहे, असा हट्ट आम्ही धरणार नाही. प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाज बाळगू नये, असे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. मात्र वर्गीकरणाची दिशा आपल्याकडे स्पष्ट आहे. सुश्रुताचार्यांनी व्याधींचे जे सात प्रकार सांगितले, त्यांतील पहिला आदिबलप्रवृत्त, म्हणजे शुक्र-शोणिताच्या दोषाने माता-पित्यांकडून येणारा. सिकलसेल हे त्याचे चपखल उदाहरण होय. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी अपत्य ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि निर्दोष असण्याची २५ टक्के असते.

दुसरे सूत्र उपशय-अनुपशयाचे. ज्याची लक्षणे गूढ आहेत असा व्याधी उपशयानुपशयाने ओळखावा, ही शास्त्राज्ञा आपण परीक्षेत लिहितो आणि व्यवहारात विसरतो. दीपन-पाचनाने तीन वेळा यश आले नाही, तर चौथा पाचक कल्प शोधण्याऐवजी तो अनुपशय आहे असे समजून निदानाकडे परत फिरावे. आमच्या रुग्णात एरंडतेलानंतर वाढलेली वेदना हा अनुपशयच होता, परंतु त्याची किंमत त्या मुलाने मोजली.

चिकित्सेतील सावधानता

लंघन, वमन, विरेचन यांनी शरीरातील द्रव घटतो आणि सिकलसेलमध्ये तोच वेदनावेगाचा हेतू ठरतो. इच्छाभेदीसारखे तीक्ष्ण विरेचन तर अशा रुग्णास सर्वथा वर्ज्य मानावे. लोह व मंडूराचे कल्प पांडुता दिसताच देण्याची आपली सवय आहे. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात लोह आधीच साचलेले असू शकते, म्हणून रक्तातील लोहाची स्थिती कळल्याखेरीज ते देऊ नयेत.

ज्वर, श्वासकष्ट, छातीत दुखणे, अर्धांगाची लक्षणे, अथवा एकाएकी वाढलेली प्लीहा व वेगाने वाढलेली पांडुता दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. उलटपक्षी, सिकलसेलच्या रुग्णाचे प्रत्येक पोटदुखणे सिकलसेलमुळेच, असेही समजू नये. आंत्रपुच्छशोथ किंवा पित्ताश्मरी त्यालाही होऊ शकते.

हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या रुग्णास ते बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये. मुबलक पाणी, थंडीपासून रक्षण, श्रमाची मर्यादा, पचेल असा पोषक आहार आणि मनोधैर्य ही आपली भूमिका आहे, आणि ती लहान नाही.

औषधालयांचे साहाय्य

एकाच मुलासाठी दर पंधरवड्याला पाचक चूर्ण आणि वेदनाशामक गोळ्या नेणारे पालक औषधालयात येतात, ही माहिती वैद्याआधी औषधालयचालकाला असते. अशा वेळी 'याची सिकलसेल तपासणी झाली आहे का?' एवढे विचारावे. विरेचक कल्प मागणाऱ्यास देण्यापूर्वी हाच प्रश्न पुन्हा करावा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती आम्हांस समजते, परंतु एका विचारण्याने एखादे घर वाचत असेल, तर तो तोटा सोसण्याजोगा आहे.

रुग्णपत्रिकेत पाच प्रश्न

त्या मुलानंतर वारंवार उदरशूल असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पत्रिकेत आम्ही पाच प्रश्न लिहितो. वेदनेचा भोजनाशी संबंध आहे काय? श्रम, थंडी वा ज्वरानंतर ती येते काय? सोबत हाडे-सांधे दुखतात काय? बालपणी हातापायांचे पंजे सुजले होते काय? घरात कुणाला वारंवार कामला झाली, रक्त चढवावे लागले किंवा बालमृत्यू झाला काय? भोजनाशी संबंध नाही आणि उरलेल्यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तरी तपासणीस पाठवितो.

विद्राव्यता चाचणी साधी व स्वस्त आहे. ती वाहक व ग्रस्त यांतील भेद सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी लागते. नुकतेच रक्त चढविलेले असल्यास आणि सहा महिन्यांखालील बालकांत तिचा निष्कर्ष फसवा असू शकतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्याने रुग्णाला प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा आहे, हेही कुटुंबास सांगावे.

एक अडचण शेवटी सांगावयास हवी. तपासणीचे नाव काढताच पालक विचारतात, 'मुलीचे लग्न कसे होईल?' वाहक असणे हा रोग नव्हे आणि दोन वाहकांचा विवाह ही एकच बाब विचारात घ्यावयाची, हे त्यांना शांतपणे समजावून सांगणे आपल्यालाच शक्य आहे, कारण गावात त्यांचा विश्वास आपल्यावर आहे. अहवाल मात्र कुटुंबाखेरीज अन्य कुणाच्याही कानी जाता कामा नये.

तो मुलगा आज नियमित उपचार घेत आहे आणि रोवणीच्या दिवसांत त्याला बांधीत उतरवीत नाहीत. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी वेदना सुरू होण्यापूर्वीच झाली व ती वाहक असल्याचे कळले. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात अशा काही जुन्या पत्रिका निश्चित असतील. त्या एकदा काढून तारखा ताडून पाहाव्यात, एवढीच विनंती.