परीक्षेंतील गुण आणि घरांतील रक्षण

विषाणुप्रतिबंधक म्हणजे ‘अँटिव्हायरस’ आज्ञावलींच्या जाहिरातींत परीक्षांचीं प्रशस्तिपत्रें झळकत असतात. तीं कितपत प्रमाण मानावीं, याचा विचार सुज्ञ वाचकांनीं अवश्य करावा. कारण पुष्कळ कुटुंबांचे बँकेचे व्यवहार आतां संगणकावरच चालतात.

जर्मनींतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या परीक्षक संस्था प्रसिद्ध आहेत. पूर्वीं संग्रहित विषाणूंपैकीं किती ओळखले, एवढेंच मुख्यतः मोजीत. परंतु जुन्या प्रश्नपत्रिका घोकणाराहि उत्तीर्ण होतोच! म्हणून आतां दूषित संकेतस्थळें प्रत्यक्ष उघडूनहि परीक्षा घेतात. ही सुधारणा स्तुत्य होय. तथापि चारशें नमुन्यांच्या परीक्षेंत अर्ध्या टक्क्याचें अंतर म्हणजे अवघे दोन नमुने, हें विसरूं नये.

शिवाय परीक्षार्थीहि चतुर असतात. किहू ३६० या चिनी कंपनीनें परीक्षेस धाडलेल्या आवृत्तींत बिटडिफेंडरचें शोधयंत्र चालू होतें. चीनमधील सामान्य ग्राहकांच्या आवृत्तींत तें बंद असून कंपनीचें स्वतःचें चालू होतें. हें उघडकीस येतांच २०१५ सालीं वरील दोन संस्था व व्हायरस बुलेटिन यांनीं त्या वर्षींचीं तिचीं प्रशस्तिपत्रें रद्द केलीं. परीक्षेस एक बसला आणि चाकरीवर दुसराच रुजू झाला, असा हा प्रकार!

पहारेकऱ्यानें चोर धरावा, तसेंच घरधन्यास चोर समजूं नये, हेंहि महत्त्वाचें. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफीच्या आज्ञावलीनें विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाईलच विषाणु ठरविली व अनेक संगणक निकामी झाले. म्हणून निकाल पाहतांना अशा खोट्या आरोपांची संख्याहि पाहावी.

आणि घरच्यांच्या वर्तनाची परीक्षा कोणती संस्था घेणार? मे २०१७ मध्यें वॉनाक्रायनें अनेक देशांत उच्छाद मांडला. त्यानें वापरलेलें छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती बसविली नाहीं, तेच मुख्यतः सांपडले. दूरध्वनीवरील गोड बोलण्यास भुलून आपला गुप्त अंक सांगणारास तर कोणतीच आज्ञावली वांचवूं शकत नाहीं.

तात्पर्य, एकाच प्रशस्तिपत्रावर न विसंबतां निरनिराळ्या संस्थांचे दोन-तीन वर्षांचे निकाल ताडून पाहावे. दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसवाव्या. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत निराळी ठेवावी. कुलूप उत्तम असावेंच. परंतु किल्ली कोणाच्या हातीं देतों, याचें भान त्याहून अधिक असावें, असें आम्हांस वाटतें.