भाजीची सालं-देठं उकळून स्टॉक: काय घ्यायचं आणि काय चुकूनही घ्यायचं नाही?

कांद्याची टरफलं, मटारच्या रिकाम्या शेंगा, गाजराची टोकं, कोथिंबिरीची देठं. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, सकाळचे डबे भरून होईपर्यंत ओट्यावर याचा ढीग जमतो आणि घंटागाडीत जातो. हाच ढीग पाण्यात उकळून गाळला की भाजीचा स्टॉक तयार होतो. सोशल मीडियावर याचे व्हिडिओ भरपूर दिसतात. पण ‘जे उरेल ते सगळं टाका’ हा त्यातला सल्ला धोक्याचा आहे.

ही कल्पना परदेशी आहे का?

नाव परदेशी आहे, कल्पना घरचीच. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी, म्हणजे कट, कुणी ओतून देत नाही. त्याची कटाची आमटी होते. कोकणात कडधान्य शिजवलेल्या पाण्याचं कळण करतात. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालांची चटणी तर अनेक घरांत होते. स्टॉक ही त्याच्या पुढची पायरी.

चव येते कुठून?

भाजी उकळली की तिच्यातली साखर, आम्लं आणि ग्लुटामेट पाण्यात उतरतात. सूपला ‘भरीव’ चव येते ती या ग्लुटामेटमुळे. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. आपल्याकडे टोमॅटो आणि मशरूममध्ये ते भरपूर असतं. म्हणून टोमॅटोचा एखादा तुकडा आणि मशरूमची देठं असली तर स्टॉक फिका लागत नाही.

काय घ्यायचं?

कांद्याची आतली टरफलं, गाजराची सालं आणि टोकं, मटारच्या शेंगा, दाणे काढलेलं मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगांची टोकं, दोडक्याच्या शिरा, आल्याची सालं, कोथिंबिरीची देठं. उल्हासनगरच्या सिंधी घरांत कमलकाकडी नेहमीची. तिची टोकंही चालतात, फक्त भोकांमधली माती नीट धुवायला हवी.

सगळं धुऊन फ्रीझरमधल्या डब्यात साठवत जायचं. चार-पाच दिवसांत डबा भरतो. सडका, बुरशी आलेला किंवा वास येणारा तुकडा मात्र डब्यात जाता कामा नये. कांद्याच्या टरफलावरची काळी पूड ही बुरशीच असते.

काय टाळायचं?

काही गोष्टी चवीसाठी टाळायच्या. कोबी, फ्लॉवर आणि मुळ्याचा पाला जास्त उकळला की उग्र वास सुटतो. कारलं आणि मेथीची देठं स्टॉक कडू करतात. बीट सगळं लाल करतं.

काही गोष्टी मात्र तब्येतीसाठी टाळायच्या:

• हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा. त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं. ते उकळून नाहीसं होत नाही.

• कडू दुधी, कडू दोडका, कडू काकडी. यातला कडवटपणा कुकुरबिटासिन या द्रव्यांचा. तेही उकळून जात नाही. कडू दुधीच्या रसामुळे विषबाधा होऊन भारतात मृत्यू झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नये, असं सांगितलं आहे. या भाज्यांचा तुकडा आधी चाखावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि अख्खी भाजी फेकावी.

• अळूची देठं आणि शेवळं. पावसाच्या सुरुवातीला ठाणे जिल्ह्यातल्या बाजारांत शेवळं येतात. दोन्हींत घसा खाजवणारे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. म्हणूनच शेवळाच्या भाजीत काकडं आणि अळूत चिंच लागते. त्यांचं उरलेलं स्टॉकमध्ये नको.

आणखी एक गोष्ट. लोकलच्या रुळांलगत सांडपाण्यावर वाढवलेल्या पालेभाज्यांबद्दल मुंबईच्या उपनगरांत अनेक वर्षं तक्रारी होत आल्या आहेत. उकळल्यावर जंतू मरतात, पण शिसं किंवा कॅडमियमसारखे जड धातू जात नाहीत. भाजी कुठली आहे याची खात्री नसेल तर तिची देठं आणि मुळं वापरू नयेत.

कसा करायचा?

१. साधारण ४ कप तुकड्यांना ६ ते ७ कप पाणी घ्या. ४-५ मिरीचे दाणे आणि एक तमालपत्र टाका.

२. उकळी आली की मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा. गॅस वाचवायचा असेल तर कुकरमध्ये एका शिट्टीनंतर आच मंद करून १५ मिनिटं पुरतात. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

३. कोथिंबिरीची देठं उघड्या पातेल्यात शेवटच्या ५ मिनिटांत टाका.

४. गाळून घ्या. मीठ टाकू नका. ज्या पदार्थात स्टॉक वापराल, त्यात ते पडणारच आहे.

पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून स्टॉक लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. तिथे तो ३ ते ४ दिवस टिकतो, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर २ ते ३ महिने. फ्रीजमधला स्टॉक वापरण्याआधी पुन्हा खळखळून उकळावा.

पिठलं, टोमॅटोचं सार, मुगाची खिचडी, पुलाव, जिथे पाणी पडतं तिथे हा स्टॉक चालतो. बेसन भाजून त्यात शेवगा आणि भेंडी घालून करतात त्या सिंधी कढीतही पाण्याऐवजी तो घालता येतो.

पौष्टिक किती?

व्हिडिओत सांगतात तितका नाही. पोटॅशियमसारखी काही खनिजं पाण्यात उतरतात. पण प्रथिनं नगण्य असतात, क जीवनसत्त्व उष्णतेनं बरंचसं नष्ट होतं आणि तंतू चोथ्यातच राहतात. त्यामुळे आजारी माणसाला किंवा लहान बाळाला जेवणाऐवजी नुसता स्टॉक देणं चूक आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. खरा फायदा मिठाचा. विकतच्या सूप क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. घरच्या स्टॉकमध्ये मीठ किती, हे आपल्या हातात राहतं.

चोथ्याचं काय?

तो ओला कचराच. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितला. चोथा निथळून ओल्या डब्यात किंवा गॅलरीतल्या खताच्या कुंडीत टाकावा. गाईला घालायचा मोह टाळावा, कारण कांदा जास्त प्रमाणात जनावरांना अपायकारक असतो. म्हणजे स्टॉक केल्यानं कचरा संपत नाही. पण फेकण्याआधी त्यातली चव आमटीत उतरलेली असते.